औष्णिक प्लाझ्माचे सिम्युलेशन : गुणधर्मांच्या तक्त्यापासून २०० अँपिअरच्या आर्कपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत आणि सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातील शिनोळीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लाझ्मा कटिंगची मशीन किंवा आर्गन वेल्डिंगचा सेट सहज दृष्टीस पडतो. त्यामुळे या भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधू लागले, की प्लाझ्मा टॉर्चच्या, म्हणजे अणूंचे आयन आणि इलेक्ट्रॉन होईपर्यंत विजेने तापवलेल्या वायूचा झोत सोडणाऱ्या उपकरणाच्या, सिम्युलेशनची कल्पना कोणाच्या ना कोणाच्या मनात येतेच. फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशन करणाऱ्या तरुण इंजिनिअरांनाही हे आपल्याच कामाचे एक पुढचे पाऊल आहे असे वाटते, पण ते तितकेसे खरे नाही. वितळलेल्या बिडाचे तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तेथपर्यंत धातूचे गुणधर्म बेताने बदलतात. आर्गनच्या आर्कमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये वायूतून वीज वाहताना तयार होणाऱ्या तप्त स्तंभात, मात्र ३०० पासून २०,००० केल्विनपर्यंतचा सारा पल्ला एखाद्या सेंटिमीटरच्या आत मावलेला असतो, आणि तेवढ्याच अंतरात वायूची विद्युतवाहकता जवळजवळ शून्यापासून कित्येक हजार सीमेन्स प्रति मीटरपर्यंत चढते.

पाइपमधील प्रवाह आणि उष्णतावहन यांचे निदान एक सिम्युलेशन ज्याने स्वतः पूर्ण केले आहे, अशा वाचकासाठी हा लेख आहे. ज्यांनी ते केलेले नाही त्यांनी आधी तेवढे करून घ्यावे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोम या प्रवाहगणनेच्या सॉफ्टवेअरसाठी तयार केलेले शिकवणीचे साहित्य विनामूल्य मिळते आणि त्या कामाला ते पुरेसे आहे.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे या चर्चेत नवखे लोक नमनालाच घडाभर तेल जाळतात. माझ्या मते या विषयात यशापयश ठरते ते वायूच्या गुणधर्मांच्या तक्त्यावर, इलेक्ट्रोडजवळच्या सीमाअटींवर आणि समीकरणे कोणत्या क्रमाने जोडली त्यावर. म्हणून पुढील मांडणीत सॉफ्टवेअरचा क्रमांक बराच खाली आहे.

पहिली पायरी : सोपा आर्क निवडणे

प्लाझ्मा कटरपासून सुरुवात करणे म्हणजे आधी कळस मग पाया. कटरच्या नोझलमधून निघणारा झोत ध्वनीपेक्षा वेगवान होतो, वायू बहुधा हवा किंवा ऑक्सिजन असतो, अॅनोडचे, म्हणजे धन इलेक्ट्रोडचे, काम करणारी प्लेट सरकत आणि वितळत असते, आणि आर्कचे खालचे टोक कापाच्या भिंतीवर वरखाली हलत राहते. यांतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्लाझ्मा स्प्रेच्या टॉर्चमध्येही आर्क नोझलच्या आतल्या भिंतीवर जागा बदलत राहतो, त्यामुळे तो प्रश्न सुरुवातीपासूनच त्रिमितीय आणि कालसापेक्ष होऊन बसतो.

त्याऐवजी मोकळ्या आर्गनमधील स्थिर आर्क घ्यावा. वर शंकूच्या टोकाचा टंगस्टनचा कॅथोड, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड, त्याखाली १० मिलिमीटरवर पाण्याने थंड ठेवलेला तांब्याचा सपाट अॅनोड, भोवती आर्गन आणि प्रवाह २०० अँपिअर, एवढीच ही रचना आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ह्सू, एतेमादी आणि फेंडर यांनी याच रचनेतील तापमानांची मोजणी करून ती १९८३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून आर्कचे नवे मॉडेल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण आपले उत्तर त्या आकृतीशी ताडून पाहतो. कारखान्यातील आर्गन वेल्डिंगचाच हा प्रकार आहे; फरक इतकाच, की पोलादी प्लेटच्या जागी थंड तांबे असल्याने धातू वितळण्याचा आणि त्याच्या वाफेचा प्रश्न उरत नाही.

दुसरी पायरी : काय गृहीत धरले आहे ते समजून घेणे

वातावरणीय दाबाच्या आर्कमध्ये इलेक्ट्रॉन आणि अणू यांच्या टकरी इतक्या वारंवार होतात, की दोघांचे तापमान जवळजवळ सारखे होते. या स्थितीला स्थानिक औष्णिक समतोल म्हणतात, आणि तो मान्य केला की सारा प्लाझ्मा एकाच तापमानाचा, वीज वाहून नेणारा वायू म्हणून हाताळता येतो. द्रवगतिकीचे सॉफ्टवेअर येथे चालते ते या गृहीतकामुळेच. आर्कच्या थंड कडेला आणि इलेक्ट्रोडला चिकटलेल्या अतिशय पातळ थरात हा समतोल मोडतो; त्यासाठी दोन तापमानांची मॉडेले आहेत, पण पहिल्या कामात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नेहमीच्या समीकरणांत भर पडते ती अशी. ऊर्जेच्या समीकरणात विजेने होणारी तापवणी, प्रारणाने जाणारी उष्णता आणि इलेक्ट्रॉनांनी वाहून नेलेली एन्थाल्पी (म्हणजे वायूत साठलेली उष्णता-ऊर्जा), या तीन संज्ञा येतात. संवेगाच्या समीकरणात विद्युतप्रवाह आणि त्याचेच चुंबकीय क्षेत्र यांच्यातील लॉरेंट्झ बल येते. शिवाय विद्युत विभवासाठी (व्होल्टेजसाठी) आणि चुंबकीय क्षेत्रासाठी प्रत्येकी एक नवे समीकरण सोडवावे लागते.

तिसरी पायरी : संगणक लावण्याआधी कागदावरची आकडेमोड

कॅथोडच्या टोकावर प्रवाहघनता १० कोटी अँपिअर प्रति चौरस मीटर धरली, तर २०० अँपिअरला २ चौरस मिलिमीटर जागा लागते, म्हणजे आर्कच्या मुळाची त्रिज्या सुमारे ०.८ मिलिमीटर असते. त्याच्या कडेवरचे चुंबकीय क्षेत्र काढण्यासाठी प्रवाहाला दोनने गुणून एक कोटीने आणि नंतर मीटरमधील त्रिज्येने भागावे, उत्तर ०.०५ टेस्ला येते. हे क्षेत्र वायूला आसाकडे दाबते. आसावरील दाबातली ही वाढ प्रवाह गुणिले प्रवाहघनता भागिले एक कोटी इतकी, म्हणजे २,००० पास्कल भरते.

वातावरणाच्या दाबापुढे ही वाढ जेमतेम दोन टक्के आहे, पण २०,००० केल्विनला आर्गनची घनता सुमारे ०.०१२ किलोग्रॅम प्रति घनमीटर एवढीच असते, त्यामुळे इतक्या हलक्या वायूला तेवढा दाब जोरात ढकलतो. दाबाची दुप्पट करून तिला घनतेने भागले आणि वर्गमूळ काढले, की सुमारे ५७५ मीटर प्रति सेकंद हा वेग मिळतो. कॅथोडपासून निघणाऱ्या या झोताचा असा अंदाज जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्झ मेकर यांनी १९५५ मध्ये मांडला होता. त्यात व्हिस्कॉसिटी धरलेली नसल्याने ती कमाल मर्यादा समजावी. पूर्ण गणनेत २०० ते ४०० मीटर प्रति सेकंद येणे स्वाभाविक आहे. तुमचे सॉफ्टवेअर २,००० किंवा २० मीटर प्रति सेकंद दाखवू लागले, तर कोठेतरी एकक चुकले आहे असे खुशाल समजावे.

हाच कागद आणखी दोन निर्णय देऊन जातो. त्या तापमानाला ध्वनीचा वेग ३,००० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, म्हणून माख अंक, म्हणजे प्रवाहाचा वेग भागिले ध्वनीचा वेग, ०.१ च्या जवळपास राहतो आणि दाबावर आधारित साधा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम, पुरतो. घनता तापमानाप्रमाणे बदलू द्यायची, एवढे पथ्य पाळावे. प्रवाह किती खळबळीचा होईल हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक काहीशेच्या घरात येतो, त्यामुळे या आर्कला टर्ब्युलन्सचे मॉडेल लावू नये. सवयीने के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचे मॉडेल चालू ठेवणारे पुष्कळ असतात आणि मग आर्क निष्कारण जाडजूड व थंड दिसतो.

विजेच्या तापवणीचाही आकडा काढून ठेवावा. प्रवाहघनतेचा वर्ग भागिले वाहकता, आणि २०,००० केल्विनची वाहकता साधारण ९,००० सीमेन्स प्रति मीटर धरली, तर कॅथोडजवळच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे १,००० वॉट ओतले जात असतात. सिम्युलेशन वारंवार का कोसळते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

चौथी पायरी : गुणधर्मांचा तक्ता

एकूण वेळेचा मोठा वाटा येथे घालवावा असा माझा आग्रह आहे. घनता, विशिष्ट उष्णता, एन्थाल्पी, व्हिस्कॉसिटी, उष्णतावाहकता, विद्युतवाहकता आणि प्रारणाचा सहगुणक, असे सात स्तंभ तापमानानुसार तयार करावे लागतात. आर्गन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि त्यांच्या मिश्रणांसाठी मर्फी आणि अरुंडेल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेले ३०० ते ३०,००० केल्विनपर्यंतचे तक्ते या क्षेत्रात सर्वत्र वापरले जातात, आणि सुरुवात तेथूनच करावी. नासाच्या सीईए या प्रोग्रॅमने समतोलातील रचना, घनता आणि एन्थाल्पी २०,००० केल्विनपर्यंत पडताळून पाहता येते. व्हिस्कॉसिटी आणि वाहकता यांच्यासाठी मात्र त्यावर विसंबू नये.

तक्ता हाती आला की प्रत्येक स्तंभाचा आलेख काढून तो नीट न्याहाळावा. आर्गनची विशिष्ट उष्णता ७,००० केल्विनपर्यंत ५२० ज्यूल प्रति किलोग्रॅम केल्विन या पातळीवर सपाट असते, नंतर आयनीभवनासाठी ऊर्जा खर्ची पडू लागते, आणि १५,००० केल्विनच्या आसपास ती पंधरा पटींहून अधिक चढून पुन्हा उतरते. नायट्रोजनमध्ये याखेरीज ७,००० केल्विनजवळ रेणू फुटण्याचा आणखी एक उंचवटा दिसतो. हे डोंगर खरे आहेत. आलेख फार ओबडधोबड दिसतो म्हणून तो गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा, आणि सगळ्या पल्ल्यावर एकच बहुपदी बसवण्याचा तर मुळीच प्रयत्न करू नये, कारण अशी बहुपदी मधेच ऋण होते आणि सॉल्व्हर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतो. १०० केल्विनच्या अंतराने बिंदू घेऊन त्यांच्यामध्ये सरळ रेषेने मूल्य काढणे, हाच उत्तम मार्ग आहे.

घनतेबाबत होणारी चूक तर हमखास आढळते. सॉफ्टवेअरमधील आदर्श वायूचा पर्याय निवडून रेणुभार ३९.९५ असाच ठेवला, तर २०,००० केल्विनला घनता ०.०२४ मिळते. प्रत्यक्षात त्या तापमानाला जवळजवळ प्रत्येक अणूचा एक आयन आणि एक इलेक्ट्रॉन झालेला असतो, कणांची संख्या दुप्पट झालेली असते, आणि खरी घनता त्याच्या निम्मी, म्हणजे ०.०१२ असते. चूक दुपटीची असूनही चित्र दिसायला अगदी बरोबर दिसते, आणि म्हणूनच ती लवकर सापडत नाही. घनता तक्त्यातूनच घ्यावी.

विशिष्ट उष्णता एका स्रोतातून आणि एन्थाल्पी दुसऱ्यातून घेऊ नये. विशिष्ट उष्णतेचे ३०० केल्विनपासून संकलन करून एन्थाल्पीचा स्तंभ स्वतः तयार करावा, म्हणजे ऊर्जेचा हिशेब आपोआप जुळतो. स्प्रेडशीटमध्ये हे काम अर्ध्या तासात होते.

प्रारणासाठी लोके यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे निव्वळ उत्सर्जन सहगुणक वापरतात. प्लाझ्माने बाहेर टाकलेल्या प्रारणातून त्याने स्वतःच परत शोषलेले वजा केले, की तो मिळतो. येथे एक खाचखळगा लक्षात ठेवावा. बहुतेक तक्त्यांत हा सहगुणक प्रति घनमीटर प्रति स्टेरेडियन दिलेला असतो, आणि ऊर्जेच्या समीकरणात घालण्यापूर्वी त्याला ४ पायने, म्हणजे १२.५७ ने गुणावे लागते. ते राहून गेले, तर आर्क हजारो केल्विनने जास्त तापतो.

पाचवी पायरी : सॉफ्टवेअर

कॉमसॉलच्या प्लाझ्मा मॉड्यूलमध्ये समतोलातील आर्कसाठी उष्णता, प्रवाह, वीज आणि चुंबकत्व यांची जोडणी तयार मिळते. काम सोपे, पण परवाना महाग. एन्सिस फ्लुएंट आपल्या भागातील पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. त्यात विभव आणि चुंबकीय सदिश विभव यांच्यासाठी वापरकर्त्याची स्वतःची अदिश समीकरणे, म्हणजे यूडीएस, उघडावी लागतात आणि स्रोतसंज्ञा सी भाषेतील यूडीएफमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये, लिहाव्या लागतात. विद्यार्थ्यांसाठीच्या मोफत आवृत्तीत सेलच्या, म्हणजे गणनेसाठी भूमितीचे पाडलेल्या तुकड्यांच्या, संख्येवर मर्यादा असते, पण आपला द्विमितीय आर्क तीत आरामात बसतो.

ओपनफोम विनामूल्य आहे आणि प्रत्येक ओळ उघडून पाहता येते, म्हणून शिकण्यासाठी मी तेच सुचवीन. मात्र त्यातील एमएचडीफोम हा सॉल्व्हर नावावरून मोह पाडत असला तरी आपल्या कामाचा नाही, कारण तो स्थिर घनतेच्या आणि स्थिर गुणधर्मांच्या द्रवासाठी लिहिलेला आहे. उष्णतेसह दाबण्याजोगा प्रवाह सोडवणारा सॉल्व्हर आधार म्हणून घ्यावा आणि त्यात विभवाचे समीकरण व स्रोतसंज्ञा जोडाव्यात. नमुन्याच्या फाइलींतील विशिष्ट उष्णतेसाठीचे जानाफ पद्धतीचे सहगुणक ५,००० किंवा ६,००० केल्विनपर्यंतच लागू असतात. तापमान त्याबाहेर गेल्याची सूचना स्क्रीनवर ओळीमागून ओळ येऊ लागली, तर तक्त्याऐवजी जुनेच सहगुणक वापरले जात आहेत असा त्याचा अर्थ घ्यावा.

सहावी पायरी : भूमिती, मेश आणि सीमाअटी

आर्क आसाभोवती सममित असल्याने द्विमितीय छेद पुरतो. फ्लुएंटमध्ये सममितीचा आस क्ष-अक्षावरच असावा लागतो आणि मेश, म्हणजे सेलची जाळी, त्याच्या वरच्या बाजूस, हे आधीच ध्यानात घेऊन चित्र आडवे काढावे. ओपनफोममध्ये सुमारे ५ अंशांची पातळ फाक काढून तिच्या दोन बाजूंना वेज ही सीमाअट देतात. त्रिज्येच्या दिशेने १५ ते २० मिलिमीटरपर्यंतचा भाग घ्यावा. कॅथोडच्या टोकाजवळ आणि आसालगत ०.१ मिलिमीटरचे सेल, बाहेर जाताना हळूहळू मोठे, असे केल्यास वीस हजारांच्या आत भागते आणि साधा लॅपटॉपही ते पेलतो.

कॅथोडच्या टोकाचे तापमान ३,००० ते ३,५०० केल्विन आणि अॅनोडचे १,००० केल्विन ठेवावे. अॅनोडवर विभव शून्य धरावा. कॅथोडवर प्रवाहघनतेची मांडणी द्यावी, जी आसावर कमाल असून त्रिज्येबरोबर घातांकी पद्धतीने घटते आणि जिचे संपूर्ण पृष्ठभागावरचे संकलन बरोबर २०० अँपिअर भरते. ही बेरीज हाताने तपासावी. पाच अंशांच्या फाकेत २०० अँपिअरचा बहात्तरावा भागच, म्हणजे २.७८ अँपिअर, जायला हवा. हे विसरून पूर्ण प्रवाह त्या फाकेत घालणारे दर वर्षी भेटतात.

अॅनोडजवळचा प्रश्न थोडा अवघड आहे. तेथील वायू १,००० केल्विनला उतरतो, आणि समतोलाच्या तक्त्यानुसार त्या तापमानाला त्याची वाहकता शून्यवत असते, म्हणजे प्रवाह अॅनोडपर्यंत पोहोचूच शकत नाही. प्रत्यक्षात गरम भागातले इलेक्ट्रॉन या पातळ थरात शिरतात आणि वीज वाहते. यावर रूढ उपाय असा, की इलेक्ट्रोडला लागून असलेला पहिला सेल ०.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा आणि त्यातील वाहकता त्याच्या पलीकडच्या गरम सेलइतकी धरायची. या उपायाचा एक परिणाम असा, की अॅनोडजवळ मेश अधिकाधिक बारीक केल्याने उत्तर सुधारतेच असे नाही. मेशपासून स्वतंत्र उत्तराची चाचणी आर्कच्या मधल्या भागासाठी करावी, आणि अॅनोडलगतच्या सेलचा आकार मॉडेलचा भाग म्हणून अहवालात स्पष्ट नोंदवावा.

सातवी पायरी : एकेक समीकरण जोडणे

ओल्या लाकडांची चूल नुसती काडी लावून पेटत नाही. तसाच ३०० केल्विनचा आर्गन केवळ विभव लावल्याने आर्क धरत नाही. म्हणून दोन इलेक्ट्रोडांमध्ये २ ते ३ मिलिमीटर त्रिज्येचा आणि १०,००० केल्विन तापमानाचा स्तंभ सुरुवातीलाच भरून ठेवावा. थंड वायूच्या वाहकतेलाही ०.०१ ते १ सीमेन्स प्रति मीटर अशी किमान मर्यादा द्यावी, नाहीतर शून्याने भागल्याप्रमाणे विभव भरकटतो.

यानंतर वायूचा वेग शून्य ठेवून केवळ विभवाचे समीकरण सोडवावे आणि प्रत्येक आडव्या छेदातून तेवढेच अँपिअर जातात का ते पाहावे. तेवढे जुळल्यावर विजेची तापवणी आणि प्रारण जोडावे, पण वेग अजून शून्यच ठेवावा. या टप्प्यावर एक स्वतंत्र परीक्षा घेता येते. भिंतीने वेढलेला, लांबच लांब, सरळ आर्क घेतला, की तापवणी, प्रारण आणि त्रिज्येच्या दिशेने होणारे उष्णतावहन यांचा समतोल एकमितीय उरतो. त्याला एलेनबास-हेलर समीकरण म्हणतात आणि पायथॉनच्या छोट्या प्रोग्रॅमने ते सोडवता येते. तुमचा सॉल्व्हर आणि तो प्रोग्रॅम एकाच तक्त्यावर सारखे उत्तर देत नसतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग चुंबकीय क्षेत्र आणावे. सममित आर्कमध्ये आसापासून एखाद्या त्रिज्येपर्यंतचा एकूण प्रवाह मोजून तिसऱ्या पायरीच्याच सूत्राने क्षेत्र मिळते. सदिश विभवाच्या समीकरणाची गरज त्रिमितीय कामात पडते. फ्लुएंटमधील तयार चुंबकीय मॉड्यूलची विभव पद्धत बाहेरून लावलेल्या क्षेत्रासाठी असते आणि आर्कचे स्वतःचे क्षेत्र तीत धरले जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. लॉरेंट्झ बल जोडताच झोत सुरू होतो, आणि त्याची दिशा कॅथोडकडून अॅनोडकडे असायला हवी. प्रवाहाची दिशा उलटी केली तरी या बलाची दिशा बदलत नाही, कारण प्रवाह आणि क्षेत्र दोन्ही एकदमच उलटतात. म्हणून झोत उलटा दिसल्यास सदिश गुणाकाराचे चिन्ह तपासावे.

शेवटी इलेक्ट्रॉनांनी वाहिलेली एन्थाल्पी जोडावी. तिचा आकार केल्विनमागे ०.०००२१५ व्होल्ट असा आहे, म्हणजे २०,००० केल्विनच्या फरकाला ४ व्होल्टहून थोडे अधिक, आणि २०० अँपिअरला ८०० वॉटच्या पुढे. इलेक्ट्रॉन अॅनोडकडे जातात, तर रूढ प्रवाहाची दिशा त्याच्या उलट असते. चिन्हाचा घोळ येथे होतोच होतो, आणि मग अॅनोडकडे जायची उष्णता कॅथोडकडे जाऊ लागते.

गणनेतील काळाच्या एका पावलाची (टाइम स्टेपची) लांबीही कागदावर निघते. ३०० मीटर प्रति सेकंदाचा झोत ०.१ मिलिमीटरचा सेल सेकंदाच्या तीस लाखाव्या भागात ओलांडतो, त्यामुळे पाऊल त्याहून मोठे टाकू नये. एवढ्या पावलाने २० मिलिसेकंद गाठायला ६०,००० पावले लागतात, म्हणजे लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागतो. प्रवाह थेट २०० वर न नेता ५० अँपिअरपासून टप्प्याटप्प्याने वाढवावा. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाने वीज जाते हे धरून चालावे, आणि उत्तर डिस्कवर लिहिण्याचे अंतर इतके ठेवावे, की तासाभराहून अधिक काम वाया जाणार नाही.

आठवी पायरी : उत्तर पारखणे

रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली तफावत, खाली गेले म्हणजे उत्तर बरोबर आले असे नव्हे. प्रथम ऊर्जेचा ताळेबंद मांडावा. प्रवाह गुणिले विभवांतर इतकी शक्ती आत जाते; ती प्रारणाने, दोन्ही इलेक्ट्रोडांतून आणि बाहेर पडणाऱ्या गरम वायूतून किती जाते याची बेरीज एक-दोन टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. त्यानंतर समतापी रेषा १९८३ च्या मोजणीशेजारी ठेवाव्यात. कॅथोडच्या टोकाजवळ २०,००० केल्विनच्या वर तापमान आणि अॅनोडकडे घंटेसारखा पसरत जाणारा आकार दिसला पाहिजे. रेषा आसाजवळ जुळून कडेला थोड्या हटल्या, तर ते समतोलाच्या गृहीतकाचे मोल आहे. आसावरच दोन-तीन हजार केल्विनचा फरक असेल, तर प्रारणाचा ४ पाय पुन्हा तपासावा आणि मग कॅथोडवरील प्रवाहघनतेकडे वळावे.

नववी पायरी : कारखान्यातल्या आर्कशी तुलना

येथपर्यंत पोहोचल्यावर आपल्या ओळखीच्या शेडमधील टॉर्चशी ताडून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि ते जरूर करावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे येथील हवेचा दाब १०१.३ ऐवजी ९३ किलोपास्कलच्या जवळपास असतो आणि त्याच तापमानाला वायूची घनता सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरते. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप भरलेला १,०१,३२५ हा आकडा बदलावा आणि घनतेचा स्तंभ त्याच प्रमाणात कमी करावा. विद्युतवाहकतेत एवढ्याने फारसा फरक पडत नाही.

प्रवाह डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने मोजावा. व्होल्टेज मशीनच्या पुढच्या मीटरवरून न घेता टॉर्चजवळ घ्यावे, कारण लांब केबलमध्ये आणि सैल जोडांवर व्होल्टेज पडते. तरीही मोजलेला आकडा मॉडेलपेक्षा काही व्होल्टने जास्तच येईल. इलेक्ट्रोडांना चिकटलेल्या थरांत पडणारे व्होल्टेज आपल्या मॉडेलमध्ये नाहीच, त्यामुळे या फरकाला मॉडेलची चूक समजू नये. व्होल्टेज वाढवण्यासाठी वाहकतेशी खेळ करणे हे तर त्याहून वाईट. आर्कचा फोटो वेल्डिंगच्या काळ्या काचेतून, शेजारी मोजपट्टी धरून घ्यावा आणि त्यावरून आकाराची तुलना करावी. तापमान सांगण्याइतकी माहिती त्या फोटोत नसते.

या तुलनेसाठी खाली पोलादी प्लेट ठेवू नये. प्लेट वितळताच लोखंडाची वाफ आर्कमध्ये शिरते. लोखंडाचे आयनीभवन ७.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टला होते, तर आर्गनला १५.७६ लागतात, म्हणून थोड्याशा वाफेनेही कमी तापमानाची वाहकता वाढते आणि प्रारण कित्येक पटींनी चढते. शुद्ध आर्गनचा तक्ता तेथे लागू पडत नाही. लेथवर कातलेला, आतून पाण्याची वाट ठेवलेला तांब्याचा ठोकळा उद्यमबागेतल्या कोणत्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये बनवून मिळतो, आणि पहिली तुलना त्यावरच करावी. लोखंडाच्या वाफेसाठी वाफेच्या प्रत्येक प्रमाणाचा स्वतंत्र तक्ता लागतो, आणि तेव्हा काम पुन्हा चौथ्या पायरीपासून सुरू करावे लागते.